‘चालू आहे का गं ते?’

पत्र

ताई, आम्ही चौघांनी, म्हणजे आई, बाबा, दादा आणि मी, मिळून एक अल्बम केला. तीस वर्षं राहिलेलं घर सोडायचं ठरलं तेव्हा सुचलेली कल्पना. घरातल्या नऊ जागा, नऊ तुकडे, चाल मात्र एकच. सामान हलत गेलं तसतशी रिकाम्या होत जाणाऱ्या प्रत्येक खोलीत आम्ही तीच चाल पुन्हा वाजवली. आई गाते, बाबा कीबोर्डवर, दादा ड्रमवर आणि हाताला लागेल त्यावर, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग माझं. नाव कुठल्याच तुकड्याला दिलं नाही, नुसते आकडे. ऐकणाऱ्याने शोधावं असं वाटत होतं. दोन वर्षं यात गेली.

आता तीन परीक्षणं आली आहेत. पहिल्यात अक्षरशः झोडपलंय. ‘घरच्यांनी घरच्यांसाठी केलेला अल्बम, बाहेरच्याला दारातच उभं ठेवतो.’ ‘शेवटाकडे आवाज इतका पोकळ होत जातो की यांना माईक तरी लावता येतो का, अशी शंका येते.’ दुसरं गोड आहे. तिसरं तर फारच सुंदर, त्यात सातव्या तुकड्याला अल्बमचा गाभा म्हटलंय. बाबा पहिल्या समीक्षकाला चार पानी उत्तर लिहून बसलेत. दादा म्हणतो, अल्बम काढून टाकू आणि स्टुडिओत नीट पुन्हा करू. आईचं गाणं तर हल्ली बंदच आहे. उत्तर द्यावं का? आणि दुसरा अल्बम करायचं आमच्या डोक्यात होतं, ते आता सोडून द्यावं का?

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबत पाठवलेला अल्बम तीनदा ऐकला: एकदा काम करता करता, एकदा हेडफोन लावून आणि एकदा दिवा मालवून. तिन्ही परीक्षणंही वाचली. त्यानंतर पत्र पुन्हा हातात घेतलं, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. पहिल्या परीक्षणाला तुम्ही जवळजवळ दीड पान दिलंय (जागेसाठी मी ते इथे कापलं आहे). आईच्या वाट्याला एक वाक्य आलंय, तेही बाबा आणि दादाच्या मागून. त्या वाक्यापाशी मी येणारच आहे. आधी तुम्ही जे विचारलंत ते.

पहिलं परीक्षण कडक आहे, एकदोन ठिकाणी उद्धटही आहे. माईकचं ते वाक्य लिहायची काही गरज नव्हती. पण त्या माणसाने अल्बम शेवटपर्यंत ऐकलाय. आठव्या तुकड्यात ठेका मध्येच सुटतो आणि चार मात्रांनी परत येतो, हे त्याला ऐकू आलंय, आणि हे अर्ध्यावर उठून गेलेल्याला ऐकू येत नाही. ‘शेवटाकडे आवाज पोकळ होत जातो’ हे तर त्याने अचूक टिपलंय. तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलाय तो नेमका याच वाक्याचा, कारण पोकळ होत जाणं हीच तुमची कल्पना होती. भरलेल्या खोलीत पडदे, गाद्या, कपड्यांनी गच्च भरलेली कपाटं आवाज पिऊन टाकतात. सामान निघालं की उघड्या भिंती, जमीन आणि छत तोच आवाज परत फेकतात, आणि तो विरायला जास्त वेळ लागतो. तुम्ही हे घुमणं पायरीपायरीने नऊ तुकड्यांत वाढवत नेलंत. चाल तीच, माणसं तीच, फक्त घर कमी होत जातं. मला ही कल्पना मनापासून आवडली. तुमचं मन राखायला म्हणत नाहीये.

मग ती त्याला का कळली नाही? बाबांच्या मते त्याला समज नाही. माझ्या मते किल्ली तुमच्याच खिशात राहिली.

या बाबतीत मला नेहमी नील यंग या गायकाचा ‘ट्रान्स’ आठवतो. १९८२च्या अगदी शेवटी आलेला अल्बम. तोवर हा माणूस गिटार घेऊन कापऱ्या आवाजात गाणारा म्हणून ओळखला जायचा. ‘ट्रान्स’च्या नऊपैकी सहा गाण्यांत त्याचा आवाज व्होकोडरमधून काढलेला आहे. व्होकोडर म्हणजे माणसाचं बोलणं यंत्राच्या सुरात ओतणारं उपकरण. शब्द धड कळत नाहीत, गाणारा कोण तेही ओळखू येत नाही. चाहते बुचकळ्यात पडले, समीक्षकांपैकी अनेकांनी याला लहर म्हटलं, फॅशनच्या मागे धावणं म्हटलं. पुढच्या वर्षी त्याने आणखी एक भलताच अल्बम दिला, तेव्हा त्याच्या कंपनीने त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा लावला. तक्रार काय, तर तू तुझ्यासारखं संगीत देत नाहीस!

आता यातलं घरातलं. नील यंगचा धाकटा मुलगा बेन १९७८ साली जन्मला, त्याला सेरेब्रल पाल्सी होती आणि तो बोलू शकत नव्हता. नवरा-बायको दोघंही दिवसाचे कित्येक तास त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. बोलायला धडपडणारं मूल आणि त्याचं म्हणणं न कळणारे आईबाप, हे सगळं त्या अल्बमच्या आत होतं. शब्द कळू नयेत हाच त्याचा विषय होता. पण त्या वेळी हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते बऱ्याच वर्षांनी.

मग त्या समीक्षकांचं चुकलं का? मी या प्रश्नावर खूप विचार केलाय आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यांच्या हातात तबकडी होती, घर नव्हतं. त्यांना यंत्राचा आवाज ऐकू आला आणि तो का आला हे कळायला काही वाट नव्हती. पण या गोष्टीचा आणखी एक भाग आहे. त्याच अल्बममधलं ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ हे मुलासाठीचं गाणं त्याने १९९३च्या ‘अनप्लग्ड’ या अल्बममध्ये यंत्राशिवाय, साध्या आवाजात गायलं. तिथे चाल उघडी पडली. इतकं हळवं गाणं त्या सगळ्या यंत्राखाली होतं, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. चाल आधीपासून चांगली होती म्हणून ते जमलं. नुसती पाठची कथा कळल्याने कुठलंही गाणं चांगलं होत नाही, आणि हे तुमच्या बाबांनी चार पानी उत्तरात विसरू नये.

तुमच्या अल्बमचं काय? चाल चांगली आहे. चौथ्या तुकड्यात बाबा ती एका बोटाने वाजवतात, तेव्हा ती उभी राहते. पण तुम्ही एक गडबड केलीये, आणि मिक्सिंग तुमचं असल्यामुळे ती तुम्हालाच सांगायला हवी. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात आईच्या आवाजाला तुम्ही वरून रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने दिलेलं घुमणं, लावलाय. गोड वाटावा म्हणून लावला असणार, सगळेच लावतात. पण तुमच्या अल्बममध्ये घुमणं हा सजावटीचा भाग नाही, तोच कथा सांगतोय. भरल्या घरातल्या तुकड्यात आईचा आवाज देवळातल्यासारखा घुमला, तर पुढे रिकाम्या खोलीत तो खरोखर घुमतो तेव्हा ऐकणाऱ्याने काय समजावं? त्याला वाटणार की कुणीतरी बटण फिरवलंय, आणि शेवटाकडे जरा जास्तच फिरवलंय. समीक्षकाला नेमकं हेच वाटलं. त्याला खुपलं ते योग्य ठिकाणी खुपलं. कारण मात्र त्याने भलतं दिलं, माईकचं. कारण शोधायचं काम तसंही त्याचं नव्हतं, तुमचं होतं.

त्यामुळे त्या परीक्षणाचं एक करा. त्यातली सगळी विशेषणं मनातल्या मनात गाळा आणि फक्त कानाला जाणवलेल्या गोष्टींखाली रेघ ओढा. मी ओढून पाहिल्या, पाच निघाल्या. पोकळपणा, आठव्यातला सुटलेला ठेका, तिसऱ्या आणि पाचव्यात फरक न जाणवणं, आईचे शब्द तीन ठिकाणी न लागणं, आणि शेवटचा तुकडा ‘संपत नाही, थांबतो’. या पाच गोष्टी चौघांनी मिळून ऐका, त्या त्या जागी जाऊन. काही तुम्ही मुद्दाम केलेल्या असतील, त्या तशाच राहू द्या. काही तुमच्या लक्षातच आल्या नसतील. तिसरा आणि पाचवा तुकडा तर मलाही वेगळे करता आले नाहीत, आणि मला कल्पना आधीच माहीत होती.

‘घरच्यांनी घरच्यांसाठी’ हा टोमणा जुना आहे. घरातलं कुणी घरातल्याबद्दल गायलं की तो येतोच. बीटल्स या बँडमधला जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनो यांचा ‘डबल फँटसी’ १७ नोव्हेंबर १९८० रोजी आला. पाच वर्षं लेनन घरी बसून मुलाला वाढवत होता आणि त्यानंतरचा हा अल्बम. एक गाणं नवऱ्याचं, एक बायकोचं, असा संवाद, मधे पाच वर्षांच्या मुलासाठी अंगाईसारखं एक गाणं. तेव्हाच्या बऱ्याच परीक्षणांचा सूर असा होता की यांच्या घरचं सुख यांच्याजवळ, आम्ही त्याचं काय करू? तीन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, लेननचा खून झाला. काही समीक्षकांनी लिहून तयार ठेवलेली कडक परीक्षणं छापलीच नाहीत. १९८२ साली त्याच अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. गाण्यातला एक सूरही बदललेला नव्हता.

ही गोष्ट मी ‘पुढे सगळ्यांना कळेल’ असा दिलासा द्यायला सांगत नाहीये. तो दिलासा मला खोटा वाटतो. झोडपलेले बहुतेक अल्बम विसरलेच जातात, त्यांना पुढे कुणी डोक्यावर घेत नाही. सांगायचं आहे ते एवढंच, की घरगुती अल्बम ऐकताना माणूस गाण्यासोबत त्या घरालाही ऐकत असतो, आणि त्या घराबद्दल त्याला त्या दिवशी काय वाटतंय ते गाण्यात मिसळतं. तुम्ही स्वतःच घर गाण्यात आणलंत. आता समीक्षकाने घर वगळून लिहावं, ही अपेक्षा धरता येणार नाही. तुमच्या आईबाबांना परीक्षण अंगाला लागलं ते म्हणूनच. एरवी ‘ठेका सुटतो’ हे ठेक्याबद्दलचं बोलणं असतं. इथे ते दादाबद्दलचं होतं.

दुसऱ्या परीक्षणाबद्दल फार लिहीत नाही. ‘अख्खं कुटुंब एकत्र येऊन काही करतंय हेच कौतुकास्पद’ असं जो लिहितो, त्याने बहुधा ऐकलेलं नसतं. त्यात एका तुकड्याचाही उल्लेख नाही. आणि बाबांनी कात्रण करून ठेवलंय ते याचंच, असं तुम्ही लिहिलंय. ठेवू द्या. चार ओळी गोड बोललेल्या घरात असाव्यात.

आता तिसरं.

सातव्या तुकड्यात ४८व्या सेकंदाला आईचा बोलण्याचा आवाज येतो. गाण्याचा नाही. आधी काहीतरी सरकवल्याचा आवाज, मग पावलं, मग थोडं लांबून: ‘चालू आहे का गं ते?’ त्याला कुणीही उत्तर देत नाही. सुमारे तीन सेकंद रिकामी खोली. मग दादा भिंतीवर हाताने ठेका धरतो आणि चाल सुरू होते. हेडफोनवर ऐकताना मला ती तीन सेकंदं अंगावर आली. समीक्षकालाही आली असणार. त्याने त्यावर दोन परिच्छेद लिहिले: मुलगी आईला उत्तर देत नाही, इथे या घरातला वर्षानुवर्षांचा दुरावा एका क्षणात उघडा पडतो, ‘आईच्या थंडपणाला मुलीने शांततेने दिलेलं उत्तर’, वगैरे. लिहिलंय फार छान. तुम्ही लिहिता की आनंदाच्या भरात तुम्ही ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलंत.

मी तारखा जुळवून पाहिल्या. पहिलं परीक्षण आलं त्यानंतरच्या आठवड्यात तुमच्या आईने घरी दोनदा गायल्याचं तुमच्याच पत्रात आहे, एकदा तर ‘त्या माणसाला म्हणावं ये ऐकायला’ असं म्हणून. गाणं बंद झालं ते तिसऱ्यानंतर. तुम्ही चौघं ज्या परीक्षणावर भांडताय, त्याने आईला काहीच केलेलं नाही. तिला लागलं ते कौतुक.

हे चूक असेल तर मला आनंदच होईल. पण माझा अंदाज असा आहे की त्या दिवशी रेकॉर्डर चालू आहे की नाही हे आईला खरंच माहीत नव्हतं. म्हणूनच तिने विचारलं. तुम्ही हेडफोन लावून पातळी बघत असाल, ऐकू गेलं नसेल, किंवा ऐकू गेलं असेल आणि टेक खराब होऊ नये म्हणून बोलला नसाल. पुढे मिक्सिंग करताना ते वाक्य सापडलं आणि ते ठेवावंसं वाटलं. का नाही वाटणार? कान असलेल्या कुणालाही वाटलं असतं. आईला विचारलंत का, हे पत्रात कुठे नाही. कदाचित ‘आई, तुझं ते बोलणं ठेवलंय हं’ असं जाता जाता म्हणाला असाल आणि ती ‘ठेव’ म्हणाली असेल. घरात परवानग्या अशाच घेतल्या जातात. पण ती ‘ठेव’ म्हणाली ती आपल्या एका साध्या प्रश्नाला. तो प्रश्न परक्या माणसाच्या लेखात आपल्या थंडपणाचा पुरावा होईल, आणि पोटची पोर तो लेख खुशीत वाचून दाखवेल, याला ती ‘ठेव’ म्हणाली नव्हती.

समीक्षकाचा यात दोष नाही. त्याने जे ऐकलं त्याचा अर्थ लावला, आणि तुकडा तसा अर्थ लावू देतो. तुम्हालाही तो अर्थ आवडला, कारण त्याने तुमचं काम खोल ठरवलं. त्या आवडण्याचा मला राग नाही. पण आईच्या जागी बसून एकदा ते दोन परिच्छेद वाचा.

घरातलं माणूस गाण्यात घातलं की हा प्रश्न येतोच, आणि मोठमोठ्यांनाही तो आलाय. किंक्स या ब्रिटिश बँडमध्ये रे आणि डेव्ह डेव्हिस हे दोघं सख्खे भाऊ. १९६९ साली त्यांचा ‘आर्थर’ आला. एका टीव्ही नाटकासाठी तो लिहिला होता, पण ते नाटक कधी झालंच नाही, अल्बम तेवढा उरला. समीक्षकांनी, विशेषतः अमेरिकेत, चांगलं म्हटलं. ब्रिटनमध्ये तो खपाच्या यादीतही लागला नाही. त्यातला आर्थर हा रे यांच्या थोरल्या बहिणीच्या, रोझच्या, नवऱ्यावरून घेतलेला. ते दोघं १९६४ साली सगळं गुंडाळून ऑस्ट्रेलियाला गेले होते. म्हणजे एका अर्थी तोही घर सोडण्याचाच अल्बम. पुढे रे यांनी सांगितलंय की मेहुण्यांना ते आपल्यावरच आहे हे कळलं होतं. रे यांना अपराधी वाटत होतं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, तेव्हा मेहुण्यांनी ते हसून सोडून दिलं, उलट त्यांना बरंच वाटलं होतं. छापून आलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा मला हे बोलणं महत्त्वाचं वाटतं. तुमच्या घरी ते बोलणं अजून व्हायचंय.

तेव्हा आईशी बोला. एकट्या बोला, बाबा आणि दादा नसताना. ‘परीक्षणाचं मनावर घेऊ नकोस’ असं म्हणू नका, त्याने ती आणखी मिटेल. सातवा तुकडा सोबत बसून ऐका आणि विचारा की हे ऐकताना तुला काय होतं. ती म्हणाली की ते वाक्य काढ, तर काढा. समजावू नका, ‘पण तोच तर गाभा आहे’ असं म्हणू नका. ती म्हणाली की राहू दे, तर राहू द्या, पण मग तिने ‘राहू दे’ म्हटलंय हे दोघींनाही माहीत असेल. आणि ती काहीच बोलली नाही, तर काही दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा.

आता दादाचं आणि बाबांचं.

दादाला सांगा, अल्बम काढून टाकायचा नाही आणि स्टुडिओत तर मुळीच पुन्हा करायचा नाही. स्टुडिओच्या भिंती आवाज शोषायला बांधलेल्या असतात, तुमच्या कल्पनेचा जीवच तिथे जाईल. शिवाय ते घर आता तुमच्या ताब्यात नाही. त्या खोल्यांचं घुमणं जेवढं टेपवर आहे तेवढंच उरलंय. मिक्स मात्र पुन्हा करा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला रिव्हर्ब काढा, आईचा आवाज कोरडा ठेवा, जवळ, जसा तो त्या भरल्या खोलीत होता. ठेका सुटतो तो सुटू द्या, मला आवडला. जुनी आवृत्तीही राहू द्या, ज्यांनी ती ऐकलीये त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका.

बाबांनी उत्तर पाठवू नये. मी काही वर्षं परीक्षणं लिहिली आहेत आणि अशी पत्रं मला आली आहेत. एकदा एका बाप-लेकाच्या अल्बमला मी ‘निर्जीव’ म्हटलं होतं. वडिलांचं सहा पानी पत्र आलं, सुरुवातीला मला बरंच सुनावलेलं. पाचव्या पानावर एक ओळ होती: मुलगा दिवसा झोपतो म्हणून आम्ही सगळं रात्री, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने वाजवलंय. ती ओळ वाचून मी अल्बम परत लावला. मला तो दबलेला हात पहिल्यांदा ऐकू आला, आणि आपण लिहिलेल्या शब्दाची लाज वाटली. पण ती ओळ वाचण्याआधी मी चार पानं चिडले होते, आणि दुसरा कुणी तिथवर पोचलाही नसता. ती ओळ अल्बमच्या वेष्टनावर हवी होती.

तुमच्या बाबांची चार पानं मी वाचलेली नाहीत. पण त्यात अशी एखादी ओळ नक्की असणार. त्यांना म्हणा, पत्र फाडू नका, त्यातून दोन वाक्यं काढून द्या. ‘हे घर रिकामं होत असताना, खोलीखोलीत, याच क्रमाने वाजवलेलं आहे’ इतपत पुरे. ती अल्बमच्या वर्णनात टाका आणि आकड्यांच्या जागी खोल्यांची नावं द्या. ऐकणाऱ्याने शोधावं ही इच्छा चांगली आहे, पण शोधायला लागण्याआधी इथे शोधण्यासारखं काही आहे, एवढं तरी त्याला कळायला हवं. परीक्षणात तपशिलाची धडधडीत चूक असेल, तर ती मात्र दोन ओळींत जरूर कळवा. पहिल्यात एक आहे: भिंतीवर हाताने वाजवलेला ठेका त्याने ड्रम मशीनचा म्हटलाय. दादाच्या वतीने मलाही त्याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या अल्बमबद्दल मी आज हो-नाही म्हणणार नाही. पण शॅग्ज या तीन बहिणींची गोष्ट त्याआधी ऐका. डॉट, बेटी आणि हेलन विगिन. वडिलांनी, ऑस्टिन विगिन यांनी, ठरवलं की मुलींचा बँड व्हायचाच. १९६९ साली त्यांनी पैसे घालून मुलींना स्टुडिओत नेलं. ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’ असं त्या अल्बमचं नाव. सूर एकीकडे, ताल दुसरीकडे. तो तेव्हा कुणी ऐकलाही नाही, पण १९८० मध्ये पुन्हा निघाल्यावर काही संगीतकारांनी आणि समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि बाकीच्यांना ती थट्टा वाटली. हा वाद अजून मिटलेला नाही. मला त्यातलं लागतं ते वेगळंच. १९७५ साली वडील गेले आणि बहिणींनी वाजवणं थांबवलं. इतकी वर्षं लोक त्या अल्बमच्या बऱ्यावाईटाबद्दल भांडतायत, आणि त्या मुलींना वाजवायचं होतं का, हे त्यांच्या घरात कुणी धड विचारलं होतं की नाही, ते त्या गाण्यांमधून कळत नाही.

तुमच्या घरी दुसऱ्या अल्बमची इच्छा कुणाची आहे? पत्रात ‘आमच्या डोक्यात होतं’ असं आहे. चौघांना वेगवेगळं विचारा. आणि करायचाच ठरला, तर पहिल्या दिवशी एक गोष्ट पक्की करा: जे रेकॉर्ड होईल त्यातलं आपलं काहीही, गाणं, बोलणं, खोकणं, चौघांपैकी कुणीही कारण न देता मागे घेऊ शकेल. मिक्सिंगला बसणाऱ्याला याचा जाच होतो, मला माहीत आहे. उत्तम क्षण हातचे जातील. जाऊ द्या.

हे सगळं नंतरचं. आज संध्याकाळी आईजवळ बसाल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या, आणि सातवा तुकडा लावायच्या आधी तिने तेव्हा जे विचारलं होतं त्याचं उत्तर द्या. हो आई, चालू होतं.